चिनी दुभाष्याची वही

इंग्रजी व चिनी या भाषांमध्यें दुभाष्याचें काम करूं पाहणारा मनुष्य प्रथम जाडा कोश विकत घेतो. पण शास्त्रीय शब्द घडले कसे हें कळल्यावांचून कोशाचा उपयोग थोडा.

१८६८ सालीं शांघायच्या ज्यांगनान शस्त्रागारांत भाषांतराचें खातें निघालें. तेथें जॉन फ्रायर हा इंग्रज व शू शोउ हा चिनी विद्वान यांनीं रसायनशास्त्रासाठीं मोठी सुरेख युक्ति योजिली. अक्षराच्या एका अंगास धातूचें चिन्ह, दुसऱ्या अंगास पाश्चात्य नांवाशीं जुळणारा उच्चार. 'झिंक' म्हणजे जस्त. त्याचें अक्षर 'शिन्' असें वाचावयाचें, आणि तो धातु आहे हें पाहतांक्षणींच कळावयाचें.

वाचणाऱ्याची सोय झाली खरी. परंतु दुभाष्यापुढें कागद कोठें असतो? चीनमध्यें कथील 'शी' आणि सेलेनियमहि 'शी'. स्वराची पट्टीहि तीच! सिलिकॉनचेंहि नांव पूर्वीं 'शी'च होतें. गोंधळ नको म्हणून चीननें तें पुढें 'ग्वेइ' केलें; तैवाननें मात्र बदललें नाहीं. कारखान्याच्या सौद्यांत येथें कान चुकला, तर मालच भलता येईल. म्हणून जाणता दुभाषी एका शब्दापुढें अक्षर, उच्चार व प्रदेश अशीं तीन घरें आखतो, आणि शंका येतांच बोलणाऱ्यास पदार्थाचा उपयोग विचारून घेतो.

आंकड्यांतहि असाच खळगा आहे. चिनी मोजणी दहा हजारांच्या 'वान्'वर चालते; मिलियन म्हणजे शंभर वान्. मराठी मनुष्यास लाखाची संवय असल्यामुळें त्याला मात्र हें सोपें जावें: दहा वान् म्हणजे एक लाख.