परमिट रूम : परवान्यामागचा विचार

पणजीहून कोल्हापूरला आणि तेथून बेळगावला जाणारा प्रवासी एका दिवसात तीन राज्यांचे मद्यविषयक कायदे ओलांडीत असतो. मादक पेयांचा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातला आहे. त्यामुळे गोव्याचा कायदा निराळा, कर्नाटकाचा निराळा आणि महाराष्ट्राचा त्याहूनही निराळा. यांपैकी महाराष्ट्रातील उपाहारगृहांवर दिसणारी 'परमिट रूम' ही पाटी विशेष विचार करण्याजोगी आहे. कारण तिच्या नावातच एका कायद्याचा इतिहास दडलेला आहे.

तो कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात त्यातील काही कलमे अवैध ठरविली. परंतु कायद्याचा मुख्य भाग कायम राहिला. १९६० मध्ये द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले, तेव्हा हाच कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्यास आला. गुजरातने दारूबंदी चालू ठेवली, आणि म्हणूनच वडोदऱ्यात अशी पाटी रस्तोरस्ती आढळत नाही. महाराष्ट्राने बंदी शिथिल केली, पण कायदा रद्द केला नाही. मनाई हा नियम आणि परवानगी हा अपवाद, अशी त्याची रचना आजही आहे. पिणाऱ्याजवळ परमिट असावे आणि त्याने नेमून दिलेल्या खोलीतच प्यावे, या अटीतून 'परमिट रूम' हा शब्द रूढ झाला.

हे ध्यानात घेतले म्हणजे अर्जदाराला पडणाऱ्या खेपांचा अर्थ उलगडतो. उपाहारगृहात विदेशी मद्य देण्यासाठी 'एफएल-३' नावाचा परवाना लागतो. त्यासाठीचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकाकडे जातो. जागेच्या मालकीची अथवा भाडेकराराची कागदपत्रे, इमारतीचा नकाशा, खाद्यपदार्थविक्रीची परवानगी आणि अर्जदाराच्या चारित्र्याविषयी पोलिसांचा अहवाल ही त्यातील प्रमुख अंगे होत. निरीक्षक प्रत्यक्ष येऊन जागा पाहतो. शाळा, देवालय, मशीद वा चर्च यांपासून नियमात सांगितलेले अंतर आहे की नाही, याची खात्री करून घेतो. नकाशात मद्य देण्याची जागा निश्चित केलेली असते. तिच्या बाहेर अंगणात चार खुर्च्या मांडून पेला देणे हाही अटीचा भंग ठरतो.

राजमार्गांचा प्रश्न याहून कठीण झाला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. पुढे ३१ मार्च २०१७ रोजी, वीस हजार वा त्याहून कमी लोकवस्तीच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटर करण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांविषयी न्यायालयाने सवलतीचा खुलासा केला. मधल्या काळात अनेकांना आपली दुकाने बंद ठेवावी लागली. रीतसर शुल्क भरलेल्या या लोकांना आपला हक्क हिरावला गेला असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु कायद्याची दृष्टी निराळी आहे. खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात १९९४ साली घटनापीठाने असा निर्णय दिला, की पेय म्हणून मद्याचा व्यापार करणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. राज्य तो व्यापार पूर्णपणे बंद करू शकते, अथवा अटी घालून त्यास परवानगी देऊ शकते.

परवाना हाती आल्यावरही जबाबदारी संपत नाही. त्याचे वर्ष ३१ मार्चला पुरे होते, आणि शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. माल परवानाधारक ठोक विक्रेत्याकडूनच घ्यावयाचा, आवक-जावक नोंदवहीत लिहावयाची, आणि मद्य देणाऱ्या नोकरासाठी 'नोकरनामा' घ्यावयाचा असतो. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी २१ वर्षांची, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास विक्री बंद ठेवावी लागते.

या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो शेजाऱ्यांचा अधिकार. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर दुकान बंद करण्याविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. निरक्षर आजीबाईलाही त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. नुसत्या झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतील मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर तेथील विक्री बंद होते. ही अट सोपी नाही. मजुरीला गेलेली वा भीतीने घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. तरीही या मार्गाने महाराष्ट्रातील अनेक गावांतील स्त्रियांनी बाटली आडवी करून दाखविली आहे.

म्हणून या धंद्यात भांडवल घालणाऱ्याने जागेचे भाडे आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांचाच हिशेब करून भागणार नाही. त्या रस्त्यावरून शाळेत जाणारी मुले, रात्री परतणाऱ्या स्त्रिया आणि पगाराच्या दिवशी वाट पाहणारी घरे, हीही त्या व्यवहारातील पक्षकार आहेत. परवान्यावर सही अधिकाऱ्याची असली, तरी तो टिकविणे वा न टिकविणे पुष्कळ अंशी या शेजाऱ्यांच्या हाती असते.