४३१, शनिवार पेठ : मोकळ्या मनाचे दोन डॉक्टर

शनिवार पेठेत आलेला पाहुणा शनिवारवाडा बघतो, ओंकारेश्वराला हात जोडतो आणि बेडेकरांची मिसळ कुठे मिळते ते विचारत नारायण पेठेकडे वळतो. त्याने आणखी एक पत्ता लिहून घ्यावा : ४३१, शनिवार पेठ, पुणे ३०. हे ‘साधना’ साप्ताहिकाचं ऑफिस. हे साप्ताहिक साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलं आणि १९९८ पासून २०१३ पर्यंत त्याच्या संपादकाच्या खुर्चीत अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर होते.

इथे आणखी एका डॉक्टरांना आणून बसवायचं आहे. ते पुण्याचे नव्हेत, फ्रँकफर्टचे. एरिक फ्रॉम, जन्म २३ मार्च १९००. मनोविश्लेषक, समाजचिंतक आणि ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ या जगभर खपलेल्या पुस्तकाचे लेखक. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण दोघांना एकाच प्रश्नाने आयुष्यभर झोपू दिलं नाही : चांगला शिकलासवरलेला माणूस आपलं डोकं आपणहून दुसऱ्याच्या पायावर का ठेवतो?

डॉक्टर, पण कसले?

मनोविश्लेषणातलं एवढं मोठं नाव, पण फ्रॉम यांच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती. हायडेलबर्गला त्यांनी १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती समाजशास्त्रात, ज्यू धर्मनियमांवर. धर्मशास्त्री व्हायचं हे लहानपणचं स्वप्न. पहिली पत्नी फ्रीडा राइखमान त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि त्यांचं मनोविश्लेषण करणारी डॉक्टरही तीच!

दाभोलकर मिरजेच्या कॉलेजातून एमबीबीएस झाले, बारा वर्षं साताऱ्यात दवाखाना चालवला आणि मग समाजाची नाडी बघायला बाहेर पडले. त्याआधीची ओळख कबड्डीपटू. बांगलादेशाविरुद्ध ते भारताकडून खेळले आणि कबड्डीसाठी शिवछत्रपती पुरस्कारही मिळवला. दहा भावंडांतले ते धाकटे. थोरले देवदत्त दाभोलकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मुलाचं नाव त्यांनी हमीद ठेवलं, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई यांच्यावरून. डॉ. हमीद पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. म्हणजे दाभोलकरांच्या घरात मनाचा पदवीधारक डॉक्टर आला तो पुढच्या पिढीत.

भिंतीवर कुणाचा फोटो?

१९२९ साली फ्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन कामगारांना एक लांबलचक प्रश्नावली वाटली. प्रश्न २७१! तुम्ही कुठल्या पक्षाचे, हे त्यात होतंच, पण खरी गंमत बाकीच्या प्रश्नांत होती. घरात भिंतीवर कसली चित्रं लावता? मुलं मार न देता वाढवता येतात का? उत्तरं आली तशी लिहून घेतली आणि रुग्णाचं बोलणं ऐकावं तशी वाचली. दिसलं ते धक्कादायक होतं. तोंडाने समतेच्या घोषणा देणाऱ्या पुष्कळांच्या मनात बळकट मालकाची ओढ दडलेली होती. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला, त्याच्या आधीच हे कागद घरोघरून परत आले होते. पळापळीत त्यातले बरेच हरवले आणि हा अभ्यास पुस्तकरूपाने छापला गेला तो थेट १९८० मध्ये.

फ्रॉम स्वतः १९३४ मध्ये अमेरिकेत पोचले आणि १९४१ मध्ये ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’ लिहून मोकळे झाले. त्यातलं म्हणणं असं : जुनी बंधनं तुटली की माणूस मोकळा होतो, पण एकटाही पडतो. तो एकटेपणा सोसेना की तो नवा मालक शोधतो, आणि त्या मालकाला कधी नेता म्हणतो, कधी गुरू.

नाणं बरं की पत्रिका?

आता पुणेरी प्रश्नावली. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची सरळ परीक्षा घ्यायची ठरवली. भांडायचं नाही, मोजायचं. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० अशा २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं, एवढंच सांगायला लावलं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी यश सुमारे ४६ टक्के. नाणं उडवून छापा-काटा केला असता तर पन्नासच्या आसपास गेलं असतं. हा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला.

मला या प्रयोगातलं सगळ्यात काय आवडतं, तर त्यातली सभ्यता. ज्योतिषांची कुणी टिंगल केली नाही, त्यांना फसवलं नाही. नियम आधी सांगितले आणि उत्तर काय येईल ते येऊ दिलं.

मंत्राने पेटलेला होम

दाभोलकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ मध्ये उभी राहिली. शाळेच्या पटांगणात तिच्या कार्यकर्त्यांचा चमत्काराचा कार्यक्रम बघितलेली मुलं तो विसरत नाहीत. काडी न लावता होम पेटतो : समिधांत पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि ‘तूप’ म्हणून सोडतात ते ग्लिसरीन. पाणी शिंपडताच नारळ पेट घेतो : शेंडीत सोडियमचा तुकडा लपवलेला असतो. आधी चमत्कार, मग टाळ्या, मग उलगडा. हा क्रम महत्त्वाचा. आपणही फसलो होतो हे मुलाला अंगावर अनुभवता येतं, आणि ‘बाबाच्या नादी लागणारे मूर्ख’ असं म्हणायची सोय त्याच्याकडे उरत नाही.

देव नको, असं कोण म्हणालं?

दाभोलकरांवरचा नेहमीचा आरोप म्हणजे ते धर्म बुडवायला निघालेत. समितीची चार कामं मात्र ते प्रत्येक सभेत सांगायचे : शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तनाशी नातं. यात देव मानू नका असं कुठेही नाही. स्वतः नास्तिक असूनही ही मर्यादा त्यांनी पाळली, आणि ती पाळणं मला त्यांच्या धाडसाइतकंच मोठं वाटतं.

फ्रॉम यांनी १९५० मध्ये ‘सायकोॲनॅलिसिस अँड रिलिजन’मध्ये हाच सांधा दुसऱ्या बाजूने पकडला. देव आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. तुमची श्रद्धा तुम्हाला उभं करते की वाकवते, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी धर्माचे दोन प्रकार केले : सत्तेपुढे लोटांगण घालायला लावणारा आणि माणसाची ताकद वाढवणारा. दुसऱ्या प्रकारात त्यांनी बुद्धाला मानाचं पान दिलं. झेनचे आचार्य डी. टी. सुझुकी यांना १९५७ मध्ये मेक्सिकोत बोलावून त्यांनी मनोविश्लेषकांबरोबर चर्चासत्र भरवलं. सिलोनमधले भिक्खू न्यानपोणिक महाथेर त्यांचे मित्र, आणि तेही फ्रॉम यांच्यासारखेच जन्माने जर्मन ज्यू!

अंक छोटा, दणका मोठा

पुन्हा ४३१ मध्ये येऊ. ‘साधना’चा १५ ऑगस्ट १९७२ चा विशेषांक स्वातंत्र्याच्या पंचविशीचा, दलितांच्या प्रश्नावरचा. त्यातल्या राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्र ढवळून निघाला. अंकाचे अतिथी संपादक होते अनिल अवचट, तेही डॉक्टरकी सोडून लिहायला लागलेले. अवचट आणि त्यांच्या मनोविकारतज्ज्ञ पत्नी डॉ. सुनंदा यांनी १९८६ मध्ये येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ काढलं तेही व्यसनमुक्तीसाठीच. बाबा, बाटली आणि हुकूमशहा यांचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच असतं, हे या मंडळींना फ्रॉमइतकंच नीट कळलं होतं असं मला वाटतं.

संपादक दाभोलकरांचा एक लाडका उद्योग म्हणजे २००८ पासूनचा बालकुमार दिवाळी अंक. अंधश्रद्धेविरुद्धच्या लढाईच्या ऐन धामधुमीत मुलांसाठी अंक! त्याच्या लाखांवर प्रती गेल्या.

२० ऑगस्ट २०१३

दाभोलकर ‘साधना’च्या कामासाठी दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला यायचे. त्या मंगळवारी सकाळी फिरायला निघालेले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. पुलाचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेले आणि १९०६ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध मिशन उभारणारे शिंदे. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला : दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

कायद्यात काय आहे, काय नाही

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य हा गुन्हा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडे करत बसणं हाही गुन्हा. पुढे २०१७ मध्ये कर्नाटकाने आणि २०२४ मध्ये गुजरातने असाच कायदा केला.

या कायद्याने वारी बंद होईल, कीर्तनकारांना पकडतील, अशी भीती त्या वेळी बरीच पसरवली गेली होती. तेव्हा कायद्याचा शेवटचा भाग जरूर वाचावा. कशाला हात लावायचा नाही, ते तिथे नावं घेऊन लिहिलं आहे : प्रदक्षिणा, यात्रा, वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन.