बाळाच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक दिसतेय? फोटो डिलीट करण्याआधी हे वाचा

बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस. घरात लहान मूल असलं की मोबाईलची गॅलरी भरायला वेळ लागत नाही. फोटो फॅमिली ग्रुपवर जातात, 'दृष्ट काढा गं' असे मेसेज येतात आणि विषय संपतो. पण कधीकधी फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाचा एक डोळा लाल दिसतो आणि दुसरा पांढरा. 'फ्लॅशमुळे झालं असेल' म्हणून तो फोटो डिलीट केला जातो. तिथेच चूक होऊ शकते.

मुळात डोळे लाल का दिसतात?

अंधुक खोलीत डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅशचा प्रकाश त्यातून आत जातो आणि मागच्या पडद्यावरून परत येतो. तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं असल्यामुळे तो लाल दिसतो. म्हणजे फोटोतले लाल डोळे ही साधी गोष्ट आहे.

मग पांढरी चमक कशामुळे?

प्रकाशाच्या वाटेत काही अडथळा असेल किंवा पडद्यावरच काही वाढलेलं असेल, तर परत येणारा प्रकाश पांढरट किंवा पिवळसर दिसतो. याला 'ल्युकोकोरिया' म्हणतात. जन्मजात मोतीबिंदू, पडद्याचे काही आजार किंवा 'रेटिनोब्लास्टोमा' म्हणजे डोळ्याचा कॅन्सर, ही त्यामागची कारणं असू शकतात.

रेटिनोब्लास्टोमा दुर्मीळ आहे. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत लक्षात येतो. भारतात दरवर्षी अंदाजे १,५०० नवे रुग्ण आढळतात. लवकर कळलं तर मूल वाचतंच, अनेकदा डोळा आणि नजरही वाचवता येते. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, कधी जिवावरही बेततं.

एका वडिलांनी जुने फोटो उघडले तेव्हा...

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांचा मुलगा काही महिन्यांचा असताना फोटोतली पांढरी चमक त्याच्या आईच्या लक्षात आली. निदान रेटिनोब्लास्टोमाचं झालं आणि त्याचा एक डोळा काढावा लागला. नंतर शॉ यांनी मुलाचे घरी काढलेले हजारो फोटो तपासले. ती चमक बाळ अवघं १२ दिवसांचं असतानाच्या फोटोतही होती!

त्यातूनच त्यांच्या टीमने फोटोतली अशी चमक शोधणारं मोबाईल ॲप बनवलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या २० पैकी १६ मुलांच्या फोटोंत ॲपला ही चमक सापडली. तीही निदानाच्या सरासरी १.३ वर्षं आधीच्या फोटोंत.

प्रत्येक पांढरी चमक धोक्याची असते का?

नाही. बाळ कॅमेऱ्याकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघत असेल, तर निरोगी डोळाही पांढरा चमकू शकतो. पण एकाच डोळ्यात, वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंत ती पुन्हा पुन्हा दिसत असेल किंवा सोबत डोळा तिरळा वाटत असेल, तर थांबू नका.

काय करायचं?

- फोटो डिलीट करू नका. फिल्टर न लावलेला मूळ फोटो डॉक्टरांना दाखवा.
- 'रेड आय' काढून टाकणारं सेटिंग बंद ठेवा. त्यामुळे डोळ्याचा खरा रंग झाकला जातो.
- जुने फोटो उघडून दोन्ही डोळ्यांची तुलना करा.
- बालरोगतज्ज्ञांकडे किंवा नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून ते पडदा तपासतात.
- अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा हे आवर्जून सांगा. पण त्यांची वाट बघत बसू नका.

फोटो ही तपासणी नव्हे. सगळे फोटो नीट आले म्हणजे डोळे ठीकच आहेत, असंही नाही. पण बाळ 'मला नीट दिसत नाही' असं सांगू शकत नाही. गॅलरीतला एखादा फोटो कधीकधी ते सांगून जातो.