शिसवाचे चिनी भाऊबंद

लोंढा, खानापूर, बेळगाव भागातली जुनी घरं एकेक करून पाडली जात आहेत आणि शिसवी पलंग, आरामखुर्च्या, कपाटं बाहेर निघत आहेत. 'फ्लॅटमध्ये मावत नाही' हे कारण खरंच आहे. मीही त्याच पिढीतला. पण काढून टाकण्याआधी या लाकडाचं गोत्र माहीत असावं.

चीनच्या मिंग काळातलं (1368 ते 1644) फर्निचर आज जगातली मोठी संग्रहालयं जपतात. त्यातलं सर्वांत नावाजलेलं लाकूड म्हणजे हैनान बेटावरचं हुआंगहुआली. ते झाड आणि आपला शिसव, दोन्ही डाल्बर्जिया वंशातले. बादशाही आसनांसाठी वापरलेलं झितान हे बहुतेक अभ्यासकांच्या मते रक्तचंदन, जे आपल्याकडे आंध्रच्या डोंगरांत वाढतं. घडीच्या भव्य चिनी पडद्यांना तर नावच 'कोरोमंडल' पडलं, कारण ते भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपला जात.

आपल्या जवळचं उदाहरण चांदरचं. लोंढ्याहून कॅसलरॉक, दूधसागर उतरून गोव्यात जाणारी रेल्वे या गावावरून जाते. तिथल्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यात कोरीव शिसवी फर्निचरच्या शेजारी जुनी चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत. गोवा आणि मकाव, दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात. त्यामुळे ये-जा होतीच.

चिनी सुतार खिळे क्वचितच वापरत. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि मधली फळी चौकटीत थोडी सैल ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी तडा जात नाही. आपल्या जुन्या कपाटांच्या दारांतही हीच युक्ती सापडते.

आमच्याकडे जुनं सामान घेणारा आला, तेव्हा त्याने नक्षीकडे पाहिलंच नाही. आधी सांधे तपासले, मग मागची फळी. भाव सांगितला तो नंतर. आपणही विकण्याआधी तेवढं पाहावं. घासून चकचकीत पॉलिश करू नये, ऑइलपेंट तर नकोच. ओल लागत असेल तर पायाखाली ठोकळे द्यावेत. परदेशी न्यायचं असेल तर आधी नियम विचारावेत. 2017 पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

सगळं ठेवणं कुणालाच जमणार नाही. आम्ही भावंडांनी एक कपाट ठेवलं. सांधे सोडवून ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्यात आता मुलांची पुस्तकं आहेत.