चाकांवरचं घर आणि आडवा वारा

अमेरिकेतली मोकळी माळरानं आणि वाळवंटं आरव्हीतून पालथी घालायची, हे तुमच्याही बकेट लिस्टवर असेल, तर रील्समध्ये न दिसणारी बाजूही माहीत असू द्या.

रील्समधली आरव्ही नेहमी उभी असते, हे कधी लक्षात आलंय? मागचं दार उघडं, गादीवर पसरलेले पाय, हातात कॉफीचा मग आणि समोर लाल खडकांचे डोंगर. गाडी चालताना दिसलीच तर ती ड्रोनमधून, वरून आणि मस्त म्युझिक लावून. स्टिअरिंग घट्ट धरलेले हात मात्र कुणी दाखवत नाही.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचं घर. तिचे प्रकार बरेच आहेत. 'क्लास ए' म्हणजे आपल्या व्हॉल्वो बसएवढं धूड, 'क्लास बी' म्हणजे आतून घर केलेली व्हॅन. 'क्लास सी'मध्ये पुढे व्हॅनचं तोंड आणि मागे खोकं असतं, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असते. शिवाय पिकअपच्या मागे जोडून ओढायचे ट्रेलर आहेतच. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक गाड्या तिथल्या बहुतेक राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतात. भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या २१ किंवा २५ वर्षं पूर्ण झालेल्यांना गाडी देतात. म्हणजे तुमच्या सीनिअर्सपैकी जे एमएससाठी टेक्सास, ॲरिझोनाला गेलेत, ते सुट्टीत पाच जणांत कॉन्ट्री काढून ती घेऊ शकतात. उद्या तुम्हीही घ्याल. लायसन्स आहे, पैसे जमले, प्लॅन झाला. पण वाऱ्याचं काय?

माळावर आडोसा नसतो

टेक्सासच्या उत्तर टोकाला अमरिलो नावाचं शहर आहे. तिथून इंटरस्टेट ४० पश्चिमेला न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ओलांडून कॅलिफोर्नियातल्या बारस्टोपर्यंत जातो. हे अंतर साधारण १,५५० किलोमीटर. याच पट्ट्यातून पूर्वी प्रसिद्ध 'रूट ६६' जायचा. १९२६ साली सुरू झालेला हा हायवे १९८५ मध्ये अधिकृत यादीतून निघाला. त्याचे तुकडे आजही या इंटरस्टेटच्या आजूबाजूला सापडतात आणि ते पाहायला लोक मुद्दाम येतात.

अमरिलो अमेरिकेतल्या सर्वांत वारा असलेल्या शहरांपैकी एक. पश्चिमेला रॉकी पर्वत, आणि तिथून खाली उतरणाऱ्या वाऱ्याला अडवायला मध्ये ना टेकडी, ना झाडी. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला गेला असाल, तर तिथे गाडीचं दार उघडताना काय होतं ते आठवा. आता तसंच पठार शेकडो किलोमीटर पसरलंय आणि तुम्ही त्यावरून घर घेऊन चाललाय, अशी कल्पना करा. पवनचक्क्या तिथेही आहेत, खूप आहेत. वाऱ्यापासून सर्वांत जास्त वीज तयार करणारं अमेरिकेतलं राज्य टेक्सासच आहे.

फिजिक्सचं पुस्तक आठवत असेल तर हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तीस फूट लांब आणि दहा फूट उंच आरव्हीची एक बाजू म्हणजे तीनशे चौरस फुटांची भिंत. ताशी ६४ किलोमीटरचा वारा त्या भिंतीवर आडवा आला, तर तिच्यावर अर्ध्या टनाहून जास्त जोर पडतो. आणि तो एकसारखाही नसतो, झोत येतात आणि जातात.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे पुलाखालचा रस्ता. वाऱ्याला तोंड देत तुम्ही स्टिअरिंग एका बाजूला दाबून धरलेलं असतं. पुलाखाली वारा अचानक थांबतो आणि गाडी तुम्ही वळवलेल्या बाजूला सरकते. बाहेर पडताच वारा पुन्हा थोबाडीत मारतो. शेजारून मोठा ट्रक गेला की तेच. आधी ढकलल्यासारखं होतं, मग ओढल्यासारखं.

ट्रेलर ओढत असाल तर प्रकरण अजून नाजूक. तो मागे शेपटीसारखा हलायला लागला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. गाडीचा ब्रेक जोरात दाबणं, घाबरून स्टिअरिंग फिरवणं किंवा वेग वाढवणं, तिन्ही घातक. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताने लावता येणारा ट्रेलरचा वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हळू लावायचा. वजन नीट भरणं त्याही आधीचं. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. सगळं जड सामान मागे कोंबलं की शेपूट हललीच म्हणून समजा.

रस्ता 'हलक्या आणि उंच' गाड्यांना बंद

अजून उत्तरेला वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० आहे. त्यातला लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा हिवाळ्यातल्या वाऱ्यासाठी बदनाम. जुना लिंकन हायवे एल्क माउंटनला वळसा घालून उत्तरेकडून जायचा. नवा रस्ता डोंगराच्या जवळून, कमी अंतराचा काढला गेला. तिथे वारा आणि बर्फ भयंकर असतो, असं स्थानिक लोक सांगत होते. रस्ता १९७० मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांचं म्हणणं खरं ठरतंय.

वारा फार वाढला की तिथला परिवहन विभाग रस्ता फक्त 'हलक्या, उंच वाहनांसाठी' बंद करतो. कार जाते, भरलेला ट्रक जातो, पण रिकामा ट्रक आणि आरव्ही थांबतात. तुमची गाडी नेमकी याच यादीत बसते. मोठी दिसते म्हणून ती भक्कम आहे असं वाटतं, पण उंचीच्या मानाने ती हलकी असते.

धूळ आली की लाइट बंद!

ॲरिझोनात वेगळंच संकट. तिथेही मान्सून असतो बरं का! १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला मान्सूनचा काळ. ढगांच्या गडगडाटात वरून खाली आदळणारा वारा जमिनीवर पसरतो आणि कोरडी माती उचलून पुढे ढकलतो. धुळीची भिंतच चालून येते. तिला 'हबूब' म्हणतात, शब्द मूळचा अरबी. ५ जुलै २०११ ला फिनिक्स शहरावर आलेल्या हबूबचे व्हिडिओ यूट्यूबवर बघा, पूर्ण शहर गिळलेलं दिसतं.

फिनिक्स ते टुसॉन हा इंटरस्टेट १० चा भाग यासाठी ओळखला जातो. काही सेकंदांत समोरचं दिसेनासं होतं आणि गाड्या एकमेकींवर आदळतात. यात माणसं मेलीयेत. म्हणून ॲरिझोनाच्या परिवहन विभागाने 'पुल असाइड, स्टे अलाइव्ह' ही मोहीम चालवली. नियम असा की रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला जायचं, थांबायचं, सगळे लाइट बंद करायचे, हँडब्रेक लावायचा आणि पाय ब्रेकवरून काढायचा.

लाइट बंद? हो. आपल्याला घाटात धुकं आलं की इंडिकेटर चालू ठेवायची सवय. पण आंधळ्या धुळीत मागून येणारा माणूस तुमच्या मागच्या लाल दिव्यांचा माग काढत येतो. दिवे म्हणजे रस्ता, असं त्याला वाटतं आणि तो उभ्या असलेल्या तुमच्यावर येऊन आदळतो. ब्रेकवर पाय ठेवला तरी दिवा लागतो, म्हणून पायही काढायचा.

उतार, ऊन आणि टायर

ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, पाइनच्या जंगलात. तिथून साधारण सव्वातीनशे किलोमीटरवर कॅलिफोर्नियातलं नीडल्स, उंची जेमतेम दीडशे मीटर. सकाळी स्वेटर घालून निघालात तर दुपारी मोहावी वाळवंटात ४५ अंशांत घामाघूम. उतारावर सतत ब्रेक धरला तर तो तापून निकामी होतो, त्यामुळे लोअर गिअरमध्येच उतरायचं. काही लांब चढांवर तर 'इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा' अशा पाट्याच लावलेल्या असतात.

टायरची जन्मतारीख वाचायला शिका. बाजूवर कोरलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आरव्ही वर्षातला बराच काळ उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. तापलेल्या डांबरावर, भरलेल्या वजनाखाली ते फुटतं. ट्रेलरचे बरेच टायर ताशी १०५ किलोमीटरपर्यंतच्याच वेगासाठी असतात, आणि टेक्सासमधल्या पाट्या त्याहून जास्त वेगाची परवानगी देतात. पाटीवरचा आकडा गाठायलाच हवा असं नाही!

पेट्रोलचं गणित? क्लास सी गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते. नेवाडातून जाणाऱ्या यूएस ५० या रस्त्याला 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. त्यावर फॅलन ते ऑस्टिन हे अंतर सुमारे १७५ किलोमीटर आहे. अर्धी टाकी दिसली की भरायची, मॅप आधीच डाउनलोड करायचे आणि पिण्याचं पाणी वेगळं ठेवायचं.

घर म्हटलं की घरकाम आलंच

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, आणि तिसरी टॉयलेटची. ही तिसरी टाकी ठरवून दिलेल्या जागी पाइप जोडून तुम्हालाच रिकामी करावी लागते. हे काम कुणाचं, हे ग्रुपमध्ये निघण्याआधी ठरवा, मैत्री टिकेल. छतावरचा एसी चालवायला कॅम्पग्राउंडची वीज किंवा जनरेटर लागतो. सोलर पॅनलवर फोन चार्ज होईल, एसीचं स्वप्न बघू नका. आणि रात्री झोपताना बाहेरचं कापडी छत गुंडाळून ठेवा, नाहीतर वारा ते उपटून नेतो.

सगळेच ट्रिपवर नसतात

हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या छोट्याशा गावाभोवतीच्या वाळवंटात हजारो आरव्ही येऊन थांबतात. काही निवृत्त लोक थंडी चुकवायला येतात. काहींना मात्र परत जायला घरच नसतं. जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. घरभाडं परवडेना म्हणून साठी-सत्तरीत गाडीत राहायला लागलेली, गोदामांत आणि कॅम्पग्राउंडवर हंगामी कामं करणारी माणसं त्यात भेटतात. त्यावरच्या क्लोई झाओच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातले बरेच भटके लोक खरे आहेत, स्वतःचीच भूमिका करतात. शेजारी उभी असलेली जुनी व्हॅन 'एस्थेटिक' वाटली, तर फोटो काढण्याआधी एवढं आठवा.

'आज नको' कोण म्हणणार?

या सगळ्या धोक्यांवरचा उपाय बऱ्याचदा एकच असतो. थांबणं. माळरानावर वसंतात दुपारी वारा चढतो, म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारी मुक्काम टाकायचा. राज्यांची ५११ ही रस्त्यांची माहिती सेवा बघायची आणि वारा जास्त असेल तर दिवसभर पत्ते खेळत बसायचं. घर तर सोबतच आहे!

पण हे जमत नाही, कारण गाडी रविवारी परत द्यायची असते आणि सोमवारी क्लास असतो. पावसाळ्यात गडावर निघालेल्या ग्रुपचं जे होतं तेच इथेही. पाच जणांच्या मनात शंका असते आणि बोलत कुणीच नाही, कारण मूड घालवणारा कुणालाच व्हायचं नसतं. म्हणून प्लॅन करतानाच दोन गोष्टी लिहून टाका. पहिली, आठ दिवसांची गाडी घेतलीत तर प्रवास सहाच दिवसांचा आखा. दुसरी, ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने 'आज नको' म्हटलं की चर्चा बंद, पत्ते वाटा.