वसिष्ठाशेजारची अंधुक चांदणी

रोहिणी, रेवती, अश्विनी, चित्रा, स्वाती, अनुराधा. मराठी शाळेचा कुठलाही जुना हजेरीपट उघडा, यातली दोन-तीन नावं सापडणारच. सगळी आकाशातून उतरलेली आणि सगळी चंद्राच्या वाटेवरची. नक्षत्रांची नावं पंचांगात रोज येतात, पत्रिकेत येतात, म्हणून ती घराघरांत पोचली. अरुंधती हे नावही आकाशातलंच. पण ही चांदणी चंद्राच्या वाटेपासून खूप उत्तरेला, सप्तर्षींच्या सोबतीला बसली आहे. ती सत्तावीस नक्षत्रांत नाही, त्यामुळे तिच्यावर कुणाचा जन्म होत नाही आणि कुणाच्या पत्रिकेत ती येत नाही. नाव विरळ राहण्यामागचं हे मोठं कारण असावं, असं मला वाटतं.

विरळ म्हणजे अनोळखी नव्हे. लेखिका अरुंधती रॉय जगभर वाचल्या जातात. अणुचाचणीबंदी कराराला भारताचा नकार १९९६ मध्ये जिनिव्हात ठामपणे मांडणाऱ्या मुत्सद्दी होत्या अरुंधती घोष. स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, २०१३ मध्ये नेमल्या गेलेल्या, अरुंधती भट्टाचार्य. पुढे ‘आई कुठे काय करते’ या मालिकेनं हे नाव मराठी दिवाणखान्यात रोज संध्याकाळी ऐकवलं. तरी बारशाला ते क्वचितच कानावर पडतं. चार अक्षरं, मध्ये अनुस्वार आणि लाडानं हाक मारायची तर फार तर ‘अरू’. मायरा-कियाराच्या दिवसांत एवढं भारदस्त नाव तान्ह्या मुलीला ठेवायला आईबाप कचरत असतील.

या नावाची मुळं मात्र चांदणीपेक्षा वेगळ्या जागी नेतात. अथर्ववेदात अरुंधती ही वनस्पती आहे. चौथ्या कांडातलं बारावं सूक्त मोडलेलं हाड सांधण्यासाठी आहे. मज्जेला मज्जा मिळो, कातडीला कातडी जुळो, हाडावर हाड बसो, अशी विनवणी त्यात या औषधीला केलेली आहे. सहाव्या कांडात हीच अरुंधती गाईगुरांचं रक्षण करते, तर पाचव्या कांडात तिचं नातं लाखेशी जोडलेलं दिसतं. ‘रुध्’ म्हणजे अडवणं; त्यावरून अरुंधती म्हणजे न अडवणारी, किंवा जिला अडवता येत नाही ती. महाभारताच्या अनुशासनपर्वात वसिष्ठपत्नी अरुंधती स्वतःच आपल्या नावाची फोड करते आणि पतीच्या मनाला अनुसरणारी ती अरुंधती, असं सांगते. पुढे हाच अर्थ रुजला आणि हे नाव पातिव्रत्याचा दाखला होऊन बसलं. मला जखम भरून काढणारी ती जुनी अरुंधती जास्त जवळची वाटते. मुलीला नाव ठेवताना हा अर्थही सांगितला जावा.

आता चांदणीकडे. सप्तर्षींच्या चौकोनाला तीन ताऱ्यांची शेपटी आहे. टोकाचा मरीची, त्याच्या आतला वसिष्ठ, आणि वसिष्ठाला अगदी खेटून दिसणारी अंधुक चांदणी ती अरुंधती. पाश्चात्त्य तारापत्रकांत वसिष्ठ म्हणजे मिझार आणि अरुंधती म्हणजे अल्कॉर. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार लग्नानंतर वधूनं मौन पाळायचं आणि ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी पाहिल्यावरच ते सोडायचं. चांदणी अंधुक, म्हणून ती दाखवण्याची एक रीतही ठरून गेली. आधी शेजारच्या ठळक ताऱ्याकडे बोट करून हीच अरुंधती असं सांगायचं, नजर तिथे स्थिरावली की ‘ही नव्हे, पलीकडची’ म्हणायचं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दाखला वापरला आहे. स्थूलावरून सूक्ष्माकडे नेण्याच्या या रीतीला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात.

आपल्याकडच्या लग्नातही सप्तपदीनंतर ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. लग्न बहुधा भर दुपारी असतं, तरी गुरुजी उत्तरेकडे बोट करतात आणि वधूवर मान वर करतात. खरी अरुंधती बघायची तर ऋतूही जमावा लागतो. वैशाख-ज्येष्ठातल्या लग्नांना तो जमतो. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास पुण्याहून वसिष्ठ उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांवर असतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना मात्र संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला वसिष्ठ आणि अरुंधती उगवतात ते मध्यरात्र उलटल्यावर.

ही चांदणी डोळ्यांची परीक्षाही घेते. अरब लोक तिला सुहा म्हणत, म्हणजे नजरेतून सुटलेली, विसरलेली. तीक्ष्ण नजरेची कसोटी म्हणून तिच्याकडे बोट करत. सुश्रुतसंहितेत तर ज्याला अरुंधती, ध्रुव किंवा आकाशगंगा दिसेनाशी होते त्याचं आयुष्य सरलं, असं म्हटलं आहे. सुश्रुतांचं भाकीत आज कुणी मनावर घेऊ नये, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. दोन ताऱ्यांमधलं अंतर १२ कलांचं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या दोन पंचमांशाएवढं. निरोगी डोळा साधारण १ कलेचं अंतर ओळखू शकतो, तेव्हा अडचण अंतराची नाही. अडचण तेजाची आहे. ताऱ्याच्या तेजाची प्रत जितकी मोठी, तितका तो अंधुक; वसिष्ठाची प्रत सुमारे २, अरुंधतीची ४. म्हणजे वसिष्ठ तिच्या सुमारे सहापट तेजस्वी. दूरचा चष्मा असलेल्यानं तो काढून पाहिलं की वसिष्ठाचा ठिपका पसरतो आणि अरुंधती त्यात बुडते. मोतीबिंदू असेल तरी तेच. आणि मुंबई-पुण्याच्या उजळलेल्या आकाशात चौथ्या प्रतीचा तारा निरोगी डोळ्यालाही दिसणं कठीण. पथदिव्यांचा उजेड वर जाण्याऐवजी खाली रस्त्यावर पडेल अशी झाकणं बसवली, तरी हे चित्र खूप पालटेल.

इथे एका दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. इतर जोडताऱ्यांत एक स्थिर असतो नि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, वसिष्ठ-अरुंधती मात्र एकमेकांभोवती फिरतात आणि पूर्वजांना हे ठाऊक होतं, असा मजकूर मोबाईलवर सतत फिरतो. तो चुकीचा आहे. कुठलाही जोडतारा घ्या, त्यातले दोन्ही तारे त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात तर प्रकाशवर्षाच्या घरातलं अंतर असावं; ते गुरुत्वाकर्षणानं बांधलेले असले तरी एका फेरीला लक्षावधी वर्षं लागतील. नुसत्या डोळ्यांनी हे कळण्याजोगं नाही. दुर्बिणीविना आकाशातली एक अंधुक चांदणी हेरली, तिला नाव दिलं आणि ती ओळखण्याची रीत पिढ्यानपिढ्या शिकवली, पूर्वजांचं हे काम खरं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

दुर्बीण आल्यावर या जागेनं आणखी पुष्कळ दाखवलं. १६१७ च्या सुमारास कास्तेल्ली या शिष्यानं गॅलिलिओचं लक्ष तिकडे वेधलं आणि वसिष्ठ हा एकच तारा नसून दोन आहेत हे दिसलं. १८५७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत त्याचं छायाचित्र घेतलं गेलं. जोडताऱ्याचं ते पहिलं छायाचित्र. मग १८८९ मध्ये त्याच वेधशाळेतल्या एडवर्ड पिकरिंग यांनी एक गमतीची गोष्ट जाहीर केली. त्या दोघांतल्या ठळक ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमची एक काळी रेघ छायाचित्रांच्या काही काचांवर एकेरी, तर काहींवर दुहेरी उमटत होती. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. एक आपल्याकडे येताना नि दुसरा दूर जाताना रेघ दुभंगायची. दुर्बिणीतही वेगळे न दिसणारे जोडतारे असे प्रथमच सापडले. त्यांचा फेरीचा काळ शोधण्यासाठी त्याच वेधशाळेतल्या अंटोनिया मॉरी हिनं कितीतरी काचा तपासल्या; आज तो सुमारे साडेवीस दिवसांचा मानला जातो. पुढे १९०८ मध्ये वसिष्ठाचा दुसरा ताराही जोडतारा असल्याचं कळलं. वसिष्ठ म्हणजे चार तारे झाले.

अरुंधती मात्र २००९ पर्यंत एकटी मानली जात होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळ्या दुर्बिणींतून तिच्या अगदी जवळ एक मिणमिणता ठिपका टिपला. पालोमार वेधशाळेतल्या उपकरणानं अरुंधतीचा प्रखर प्रकाश झाकला, तेव्हा तो उघडा पडला. तो खरोखर तिचा सोबती आहे, की मागच्या बाजूला योगायोगानं आलेला दूरचा तारा? काही महिन्यांनी पुन्हा वेध घेतले गेले. तोवर पृथ्वी सूर्याभोवती बरीच पुढे सरकली होती आणि त्यामुळे सुमारे ८० प्रकाशवर्षांवरची अरुंधती आकाशात अगदी किंचित हललेली दिसत होती. ठिपका तिच्याबरोबर तेवढाच हलला होता.

सूर्याच्या साधारण पाव वस्तुमानाचा हा लाल बटुतारा आहे. अरुंधती सूर्यापेक्षा जड आणि तेजस्वी, त्यामुळे तिचं इंधन त्याच्या कितीतरी आधी संपेल. लाल बटुतारे आपलं इंधन अतिशय काटकसरीनं जाळतात. चार वसिष्ठाचे आणि दोन अरुंधतीचे, असे हे सहा तारे. सहाव्याला अजून कुणी आपल्याकडचं नाव दिलेलं नाही. तारापत्रकात त्याची नोंद फक्त ‘अल्कॉर बी’ अशी आहे.