तडफडणारा जीव आणि आपलें सोंवळें

धान्याच्या वखारींत किंवा किराण्याच्या दुकानांत सकाळीं दार उघडतांना एक देखावा हल्लीं पुष्कळांच्या दृष्टीस पडतो. रात्रीं मांडलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यावर उंदीर चारी पायांनीं चिकटलेला असतो. तो मेलेला नसतो, आणि सुटण्याचीही आशा नसते. धडपडीनें कातडी सोलवटलेली असते. कधीं त्यानें आपलाच पाय कुरतडलेला असतो. शेटजी नोकरास म्हणतात, "नेऊन टाक." पुठ्ठा कचऱ्याच्या ढिगावर जातो, आणि भूक, तहान व श्रम यांनीं त्या जीवाचा अंत होण्यास कित्येक तास, प्रसंगीं दिवसही लागतात. शेटजींस मात्र समाधान असतें कीं, आपल्या हातून हत्या घडली नाहीं!

या समाधानाविषयींच आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

उंदीर मारूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. 1896 सालीं मुंबईंत शिरलेल्या प्लेगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो हें शास्त्रानें पुढें सिद्ध केलें. धान्याचें व आरोग्याचें रक्षण करणें हें व्यापाऱ्याचें कर्तव्यच आहे. प्रश्न निराळा आहे. जो जीव वांचण्याचा संभव उरला नाहीं, त्याचा अंत करणें हें पाप, कीं त्यास तसाच टाकून जाणें हें पाप?

1928 सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत पडलें होतें. शुश्रूषा झाली, उपचार झाले, गुण येईना. तेव्हां गांधीजींनीं डॉक्टराकडून सुई टोंचवून त्याचा अंत करविला, आणि ती गोष्ट लपवून न ठेवितां 'नवजीवन' पत्रांत स्वतःच प्रसिद्ध केली. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या आश्रमांत गोवत्साची हत्या झाली म्हणून लोक खवळले, संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. पण गांधीजी मागें हटले नाहींत.

विरुद्ध पक्षाचा आक्षेप मात्र हलका नाहीं. जो प्राण आपणांस देतां येत नाहीं, तो घेण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? शिवाय मुक्या जीवाची वेदना तोलणार कोण? पुष्कळदां त्याच्या तळमळीपेक्षां आपला कंटाळाच निकाल देत असतो. आजारी मांजराची उस्तवार नको म्हणून "एकदांचें सुटूं द्या" म्हणणारास दयाळू कोण म्हणेल? भटकीं जनावरें मारलीं जाऊं नयेत म्हणून मुंबईच्या पारशी व जैन व्यापाऱ्यांनीं 1834 सालीं पांजरपोळ संस्था स्थापिली, तिच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु तेथें जीव वांचविणारे त्याच्या वैरण-पाण्याचा भारही उचलीत होते. पुठ्ठा ढिगावर फेंकणारा कोणता भार उचलतो?

प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यांत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव 'प्राणी' या शब्दांत येतो. म्हणजे उंदीरही येतो. त्याच कायद्याच्या 13 व्या कलमांत, ज्या जनावरास जिवंत ठेवणें हेंच क्रौर्य ठरेल त्याचा अंत करण्याची तजवीज आहे. कायद्यास जें उमगलें तें आपल्या विवेकास उमगूं नये काय?

तेव्हां बिळें बुजवावीं, धान्य पत्र्याच्या डब्यांत ठेवावें, आणि गोंदाचा पुठ्ठा दुकानांतून हद्दपार करावा. मारणें प्राप्तच असेल तर एका झटक्यांत मारणारा सापळा वापरावा. पिंजऱ्यांतला उंदीर बादलींत बुडविण्याची चाल घरोघर आहे. पण बुडून मरणें हें शांत मरण नव्हे, आणि पशुवैद्यकशास्त्र ती रीत दयेची मानीत नाहीं. मांजर-कबुतरासारखा जीव जखमी सांपडला, तर आधीं पशुवैद्याकडे न्यावा. बरा होण्याजोगा असेल तर आपला वेळ व पैसा खर्चावा. नसेल तर निर्णय त्याच्या सल्ल्यानें घ्यावा. तो नोकरावर ढकलूं नये, व शेवटपर्यंत तेथून हलूं नये.

अशा वेळीं हात थरथरतील, ते थरथरावेच. ज्या दिवशीं हें काम सोपें वाटूं लागेल, त्या दिवशीं तें करण्याचा आपला अधिकार संपला असें समजावें. पण आपले हात निर्मळ राहावे म्हणून दुसऱ्या जीवास दोन दिवस तडफडत ठेवावयाचें, या सोंवळ्यास दया हें नांव देण्याचें तरी आपण आतां सोडून द्यावें.